दगडावर मराठी अक्षर कोरायचंय? मग छिन्नी घेण्याआधी हे वाचा

दगडावर अक्षर कोरायला शिकू पाहणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा छिन्नीबद्दल विचारतो. कुठली घेऊ, कुठे मिळेल? त्याचं उत्तर या लेखात आहे, पण चौथ्या पायरीवर. आधीच्या तीन पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका. दगडावरचं वाईट अक्षर बहुतेक वेळा कागदावरच वाईट असतं, छिन्नी ते फक्त कायमचं करते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख हाताने कोरण्याबद्दल आहे. बाजारातल्या बहुतेक कोनशिला आणि पाट्या आता सीएनसी (संगणकावर चालणारं कोरणी यंत्र), लेझर किंवा सँडब्लास्टवर (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने) होतात आणि दरात त्यांच्याशी बरोबरी होणार नाही. हाताचं काम मागणारे लोक वेगळे असतात: समाधी बांधणारे, गावचं देऊळ नीट करणारे, वाड्याच्या दाराशी नाव कोरून घेणारे. लेझरने काळ्या ग्रॅनाइटवर उमटतो तो पांढुरका ओरखडा. त्यांना हवी असते उन्हात सावली धरणारी खाच.

१. आधी जुनी अक्षरं बघून या

महिना दोन महिने फक्त बघा. नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लेख पाहिलात तर लक्षात येईल की तिथे शिरोरेषाच नाही. सरळ उभ्या-आडव्या रेषा, साधे गोल, जवळपास एकाच जाडीचे. ब्राह्मी हा नवशिक्यासाठी उत्तम कित्ता आहे. पहिले धडे मी ब्राह्मीचेच गिरवायला सांगतो, देवनागरीचे नंतर.

मग मराठीकडे या. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला शके ९४० चा लेख आहे, त्यातली 'वाछि तो विजेयां होइवा' ही ओळ प्रसिद्ध आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजे करवियले' वाचायला मिळतं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळात दोन लेख बघा, भिंतीतला संस्कृत लेख आणि पायरीवरचा 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. लेख कुठे लावायचा हासुद्धा कारागिराचा निर्णय असतो, हे त्या पायरीपाशी कळतं. पायरीवरच्या अक्षराची झीज किती होते ते पाहायचं असेल तर जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची जमीन बघा, ती सगळी थडग्यांच्या कोरीव दगडांनी फरसबंद आहे.

मराठा काळातले बरेच लेख उठावाचे असतात, म्हणजे अक्षर तसंच ठेवून भोवतालचा दगड काढलेला. दिसायला देखणं, पण मेहनत कितीतरी जास्त. पहिलं वर्ष उठावाच्या वाटेला जाऊ नका.

बघायची वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी अक्षरं सपाट दिसतात. लेख वाचता यावा म्हणून त्यात खडू, पीठ, तेल, रंग काहीही भरू नका. बाजूने टॉर्च मारला की पुरतं. कागदावर ठसा घ्यायचा असेल तर संरक्षित स्मारकात पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

२. कागदावर अक्षर बसवा

बोरू घ्या. देवनागरीच्या बोरूचा काप इंग्रजी कटनिबच्या उलट बाजूला तिरका असतो. दुकानातली इंग्रजीची नेहमीची निब आणून देवनागरी लिहिलीत तर जाड-बारीक रेषा भलत्याच जागी येतील आणि अक्षर परकं वाटेल. रोज पानभर लिहा. बोरूने नीट अक्षर येऊ लागलं की मगच पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढा.

संगणकावरचा फॉन्ट छापून तोच दगडावर उतरवायचा मोह होतो. 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, पण तो पडद्यावर वाचण्यासाठी. दगडावर त्याच्या बारीक जागा टिकत नाहीत. फॉन्ट मांडणीसाठी जरूर वापरा, कोरायला नको.

मांडणी करताना मी या गोष्टी ठरवतो:

शिरोरेषा सलग की तुटक? सलग शिरोरेषा म्हणजे दगडात एक लांबच लांब खाच, आणि थराच्या दगडात वरची पट्टी तिथूनच सुटते. मी प्रत्येक शब्दाची शिरोरेषा वेगळी ठेवतो, आणि दगड कच्चा वाटला तर अक्षरागणिकही तोडतो.

ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा किंवा रफार एकमेकांत घुसतात. शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंतचं अंतर अक्षराच्या उंचीच्या किमान दुप्पट धरा. 'पूर्तीसाठी'च्या खाली 'कीर्ती' आलं तर त्याहून जास्त.

अक्षराची उंची. दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच, हा पाट्यावाल्यांचा ठोकताळा. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांमुळे अक्षर दाटतं, म्हणून मी त्यात पाव इंच वाढवतो. बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर, इंचापेक्षा लहान अक्षर घेतच नाही.

शेवटी पूर्ण मापाचा, एकास एक कागद काढून भिंतीवर चिकटवा आणि जिथून लोक वाचणार तिथे उभे राहा.

३. मजकूर तपासा, आणि सही घ्या

गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतं, आणि त्यात चुका असतातच. 'आर्शीवाद' (हवं 'आशीर्वाद'), 'जेष्ठ' (हवं 'ज्येष्ठ'), 'स्मृतीप्रित्यर्थ' (हवं 'स्मृतिप्रीत्यर्थ'), 'उध्दघाटन' (हवं 'उद्घाटन'). तुम्ही कारागीर असलात तरी शुद्धलेखनाचा कोश टेबलावर ठेवा, कारण पाटीवरची चूक लोक लिहून देणाऱ्याच्या नव्हे, कोरणाऱ्याच्या नावावर खपवतात.

आडनावं मात्र दुरुस्त करू नका. कुणी 'शितोळे' लिहील, कुणी 'शीतोळे'. घरचे सांगतील तेच.

तारखेत शके मागितला तर इसवी सनातून ७८ वजा करा, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. या सापळ्यात बरेच जण अडकतात. तिथी हवी असेल तर पंचांग गिऱ्हाइकानेच बघून लिहून द्यावं.

पूर्ण मापाच्या छापील कागदावर घरातल्या दोन माणसांची सही घ्या. एकाची नको, दोघांची. आगाऊ रक्कम सहीबरोबरच, निम्मी तरी.

४. हत्यारं

आता छिन्नी. सुरुवातीला एवढं पुरे:

- कार्बाइड (पोलादाहून खूप कठीण मिश्रण) टोकाच्या सपाट छिन्न्या, ६ आणि १२ मिलिमीटर रुंदीच्या. ३ मिलिमीटरची एक, आतल्या कोपऱ्यांसाठी.
- टोकदार टाकी (अणीची छिन्नी), एक.
- हातोडी, अर्धा ते पाऊण किलोची. दगड घडवायची सुतकी, म्हणजे मोठा जड हातोडा, अक्षराला चालत नाही.
- गुण्या, पोलादी पट्टी, कंपास, ओळंबा.
- ट्रेसिंग पेपर, पिवळा व पांढरा खडू, गेरू.
- वाळूने भरलेली जाड गोणी, दगड टेकवायला.
- चष्मा आणि मास्क. मास्कबद्दल सहाव्या पायरीवर.

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे चौकशी करा. 'ग्रॅनाइट कोरायची कार्बाइड छिन्नी' असं स्पष्ट मागा, नाहीतर दुकानदार भिंत फोडायची साधी छिन्नी हातात देईल.

साधी पोलादी छिन्नी वाईट नव्हे. जुने पाथरवट तीच वापरत आले, पण तिला रोज भात्यावर तापवून धार काढावी लागते आणि नेमकं पाणी द्यावं लागतं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करावं लागतं. जवळ चांगला लोहार असेल तर ते शिका. नसेल तर कार्बाइड. फक्त कार्बाइडला धार लावताना दोन पथ्यं पाळा. ग्राइंडरवर हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा किंवा डायमंडचा व्हील लावा, साध्या करड्या व्हीलवर टोक घासलं जात नाही, नुसतं तापतं. आणि तापलेलं टोक पाण्यात बुडवू नका, तडकतं.

शिकायचं कुणाकडे, हाही प्रश्न याच टप्प्यावर येतो. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात (स्थापना १८५७) शिल्पकला शिकवतात. मामल्लपुरमला १९५७ पासून सरकारी वास्तू व शिल्प महाविद्यालय आहे, कर्नाटकात कारकळजवळ कारागिरांसाठी निवासी प्रशिक्षण संस्था आहे. पण या सगळीकडे मुख्य भर मूर्तीवर. अक्षरासाठी रस्त्याकडेला पाटे-वरवंटे घडवणाऱ्या वडार किंवा पाथरवट कारागिराकडे बसणं मला जास्त उपयोगी वाटलं. अक्षर ते शिकवणार नाहीत, ठोका शिकवतील. तो कुठल्याच वर्गात मिळत नाही. बसायला मिळालं तर शिकवण्याचे पैसे द्या. त्यांचा दिवस मोडतो.

५. दगड निवडा

सरावासाठी शहाबादी किंवा कोटा फरशीचे तुकडे आणा. फरशीवाला उरलेले तुकडे जवळपास फुकट देतो. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, मऊपणा हाताला मानवतो. जाडी इंचभर तरी हवी, पातळ फरशी ठोक्याने मधोमध दुभंगते. कडप्पाही चुनखडीच, काळाभोर आणि स्वस्त, पण त्याचे पापुद्रे निघतात, म्हणून बारीक अक्षराला नको.

संगमरवर कोरायला सर्वांत सुखाचा. धार स्वच्छ राहते. मात्र पांढऱ्यावर खाच दिसत नाही, रंग भरावा लागतो, आणि अभिषेकाचं दूध, हळद, तेल त्यात मुरतं.

जांभा अक्षरासाठी विसरा. कोकणातलं घर जांभ्याचं असेल तर पाटीपुरता वेगळा दगड त्यात बसवा.

बेसाल्ट, आपला काळा पाषाण, हा शेवटचा टप्पा. दख्खनच्या पठारावर तो सगळीकडे आहे, पण सगळा सारखा नाही. काही थर घट्ट, एकजीव. काही थर भोकाभोकांचे, भोकांत पांढरे खडे भरलेले. खडा नेमका वेलांटीत आला की पूर्ण खडाच निखळतो. खाणीवर दगड घेताना जुने वस्ताद तो अधांतरी टेकवून हातोडीने वाजवायचे. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत चीर आहे. दुसरी परीक्षा पाण्याची: दगड भिजवा आणि वाळताना बघत बसा. सगळा पृष्ठभाग सुकल्यावरही जिथे ओली रेघ राहते तिथे चीर.

वजनाचाही विचार करा. दोन फूट बाय दीड फूट, दोन इंच जाडीचा बेसाल्ट साधारण ४० किलो भरतो. एकट्याने उचलू नका.

६. धूळ

ही पायरी वाचून सोडून देण्याची नाही. दगडाच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर इलाज नाही, क्षयरोगाचा धोकाही वाढतो. राजस्थानात सिरोही जिल्ह्यातल्या पिंडवाड्यात देवळांचे दगड घडवणाऱ्या कारागिरांची या रोगाने वाताहत झाली. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये या आजारासाठी स्वतंत्र धोरण करावं लागलं.

दगडागणिक धोका बदलतो. वालुकाश्म जवळपास क्वार्ट्झचाच (स्फटिकरूप सिलिकेचाच) बनलेला, सर्वांत घातक. ग्रॅनाइटमध्ये पाव ते एक तृतीयांश क्वार्ट्झ सहज असतं. संगमरवर, शहाबादी, बेसाल्ट यांत बरंच कमी, पण मास्क सगळ्यांनाच.

स्वयंपाकघराच्या ओट्याचे 'क्वार्ट्झ'चे तुकडे कुणी फुकट दिले तर घेऊ नका. तो कारखान्यात राळेत बांधलेला कृत्रिम दगड आहे, बहुतांश सिलिका. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

तोंडाला गमछा बांधणं म्हणजे काहीच न बांधणं. हाताने कोरताना किमान एन-९५, नाकाशी घट्ट बसलेला. दाढी असेल तर तो बसत नाही, हवा कडेने शिरते. ग्राइंडर चालवायचा तर फिल्टर बदलता येणारा रबरी मास्क घ्या आणि पाणी सोडूनच कापा. ग्राइंडरचं संरक्षक कव्हर काढू नका, ते आड येतंय असं कितीही वाटलं तरी. जागा केरसुणीने कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा. कामाचे कपडे घरात झटकू नका. पोरं असलेल्या घरात तर अजिबातच नाही.

७. दगडावर आखणी

पृष्ठभाग घासून सपाट करा. गिलावा तपासतात तशी पट्टी तिरकी लावून बघा. शिरोरेषेच्या ओळी खडूच्या सुताने मारा, सूत जितकं बारीक तितकं बरं. ट्रेसिंग पेपरच्या मागे काळ्या दगडासाठी पिवळा खडू, पांढऱ्यासाठी गेरू चोळा, कागद चिकटपट्टीने दोन बाजूंनी पक्का करा आणि बॉलपेनने रेषा गिरवा. उमटलेली रेषा हाताने पुसली जाते, म्हणून लगेच काळ्या दगडावर पांढऱ्या पोस्टर कलरने, बारीक ब्रशने पक्की करा. हा ब्रशचा हात कोरीव कामाइतकाच महत्त्वाचा. इथेच अक्षरातला कडकपणा सुधारता येतो.

८. कोरणं

दगड सपाट ठेवून उकिडवं बसून कोरण्याची आपली पद्धत आहे. मी दगड तिरका उभा ठेवतो, म्हणजे भुकटी खाली घसरते आणि रेषा दिसत राहते. उजेड एका बाजूनेच हवा, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद करा.

खाच इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची. तिचा कोन ६० अंशांचा धरला तर खोली रेषेच्या जाडीच्या जवळपास सात-अष्टमांश होते, ९० अंशांचा धरला तर निम्मी. मऊ दगडात ६०, बेसाल्टमध्ये ९० च्या आसपास. पाटी कुठे लागणार ते आधी विचारा. उत्तरेकडच्या भिंतीला वर्षातला बराच काळ थेट ऊन लागत नाही. तिथे उथळ खाच दिसणारच नाही, खोल घ्या किंवा रंगाची तयारी ठेवा.

क्रम असा: रेषेच्या मधोमध टाकीने हलकी चर पाडा. मग एका बाजूने छिन्नी मध्याकडे झुकवून उतार काढा, मग दुसऱ्या बाजूने. कडेची शेवटची मिलिमीटरभर जागा राखून ठेवा, ती अखेरीस एका सलग फेरीत साफ करायची. छिन्नी सैल धरा. ठोके हलके आणि भराभर, मनगटातून. जोर लावावासा वाटला की समजा धार गेली आहे.

काना शिरोरेषेला मिळतो तो कोपरा सर्वांत नाजूक. काना शिरोरेषेच्या थोडा अलीकडे थांबवा, मग शिरोरेषा कोरा, आणि सांधा ३ मिलिमीटरच्या छिन्नीने शेवटी उघडा. उलट केलंत तर टवका उडतो.

'व', 'ब', 'ष', 'भ' यांच्या पोटात दगडाची छोटी बेटं उरतात. तिथे छिन्नीने कधीही उचकटू नका, फक्त खाली ठोका. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ मी मुद्दाम बारीक आणि उथळ ठेवतो, नाहीतर आतले दोन तुकडे राहत नाहीत. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक कागदावर दिसतो त्याहून दगडावर कमी दिसतो, गाठ थोडी मोठी घ्या. अनुस्वाराला हातोडी नकोच. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून लहान खड्डा पाडा आणि टोकदार टाकी हाताने फिरवून गोल करा.

सरावाचा क्रम: ब्राह्मी, मग ग, त, न, म, मग र, स, मग पोटवाली अक्षरं, सर्वांत शेवटी क आणि श्र. स्वतःचं नाव कोरायची घाई सगळ्यांना असते. नावात 'क्ष' असेल तर थोडं थांबा.

टवका उडालाच तर त्याच दगडाची भुकटी इपॉक्सीत कालवून भरता येतो, पण उन्हात तो ठिगळासारखा दिसतो. मजकूर लहान असेल तर सगळा पृष्ठभाग घासून पुन्हा आखणं बरं.

९. रंग आणि बसवणी

बेसाल्टला मी रंग देत नाही. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तर खाचेत पांढरा इनॅमल, बाहेर सांडलेला वाळल्यावर ब्लेडने खरवडायचा. संगमरवराला मात्र रंग लागतोच आणि दर काही वर्षांनी पुन्हा भरावा लागतो, हे आधी सांगून ठेवा.

बसवताना साध्या लोखंडाचे खिळे, पट्ट्या वापरू नका. लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. स्टेनलेस स्टीलच्या पिना घ्या, किनारपट्टीवर ३१६ दर्जाच्या. उघड्यावरच्या दगडाची वरची कड थोडी उतरती करा, पाणी साचत नाही.

दगड देताना घरच्यांना बजावून सांगा: संडास साफ करायचं ॲसिड लावायचं नाही. संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे ॲसिडने खाल्ले जातात, चकाकी तर जातेच, अक्षराच्या कडाही गोल होतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

१०. व्यवसाय करायचा असेल तर कागदपत्रं

- उद्यम नोंदणी: आधार आणि पॅन लागतं. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स फी मागतात, तिथे पैसे भरू नका.
- हस्तकला कारागिरांचं 'पहचान' ओळखपत्र: केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तालयाकडून मिळतं. प्रदर्शनांत स्टॉल मागताना उपयोगी पडतं.
- पीएम विश्वकर्मा योजना: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसायांत मूर्तिकार आणि दगड घडवणारेही आहेत. प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. वय १८ पूर्ण हवं, एका कुटुंबातून एकालाच लाभ, सरकारी नोकरीतल्यांना नाही. आधार, आधारशी जोडलेला मोबाइल, बँकेचा तपशील आणि रेशनकार्ड घेऊन सामायिक सुविधा केंद्रात जा. खेड्यात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. योजना हातांनी, पारंपरिक पद्धतीने काम करणाऱ्या स्वयंरोजगारी कारागिरांसाठी आहे. रविवारचा छंद म्हणून कोरत असाल तर अर्ज करू नका.
- झालेल्या कामांचे फोटो: कोरण्याआधीचा दगड, आखणी, पूर्ण काम, आणि जागेवर बसवल्यानंतरचा एक. तिरक्या उजेडात काढलेले.

दर अक्षरावर सांगावा की फुटावर, यावर कारागिरांत एकमत नाही. मी अक्षरावर सांगतो, आणि जोडाक्षर दोन धरतो.